कोपऱ्यातला डाग

एका अरब शहरात मी नोकरीला होतो. शेजारच्या कादंबरीकारांनी एकदा मला हस्तलिखिताचं एक पान दाखवलं. त्यांच्या आधीच्या तीन कादंबऱ्या सेन्सॉरच्या साहेबानं लाल पेन्सिलीनं सोलून काढल्या होत्या. साहेबाला थुंकी लावून पानं उलटायची सवय. चौथ्या कादंबरीत यांनी तसाच बोट चाटणारा, बायकोला भिणारा खबऱ्या घातला.

"खोडलं, तर स्वतःला ओळखल्याची कबुली. नाही खोडलं, तर सगळं गाव वाचेल," ते म्हणाले.

माफ करणं मला कधी जमलं नाही. त्यांनाही नाही, म्हणून आमची मैत्री. साहेबाकडून परत आलेल्या त्या पानावर एकही लाल रेघ नव्हती. फक्त कोपऱ्यात, ओलं बोट बराच वेळ टेकून राहिल्याचा डाग होता.