भांडणाची नोकरी

माझा अख्खा जन्म रंगभूमीवर गेला असं मी लोकांना सांगतो, आणि ते खोटं नाही. फक्त त्यातला बराचसा दारात उभं राहून ‘साहेब, पाहुणे आलेत’ एवढंच म्हणण्यात गेला, हे सांगत नाही. माझ्या मैत्रिणीचं माझ्यापेक्षा बरं होतं. ती पडद्याआडची. मोर्चाचा गोंगाट, शेजारणींची कचकच, आतल्या खोलीतून येणारा सासूचा आवाज, सगळं एकटी करायची. कंपनीत तिला लहानथोर सगळे तोफ म्हणायचे. उंची जेमतेम माझ्या खांद्याला, पण विंगेतून ओरडली की पहिल्या रांगेतले लोक दचकून पाय वर घ्यायचे.

आणि घरी? घरी इतकी हळू बोलायची की मला दोनदोनदा ‘काय?’ विचारावं लागे. दोन खोल्या, एक शिवणयंत्र, खिडकीजवळ म्हाताऱ्या आईची खुर्ची. लग्न केलं नाही. मी विषय काढला की म्हणायची, "भांडायला तू आहेस की! फुकटात मिळतोस, वर स्वतःचा डबा घेऊन येतोस."

नाटक कंपनी बंद पडली आणि आम्हा दोघांना खरंच भांडायचीच नोकरी लागली. हसू नका. एक डॉक्टरबाई होत्या, मनाच्या डॉक्टर. घरात मोठी माणसं भांडतात, मारझोड करतात, तेव्हा लहान मुलांच्या जिवाचं काय होतं, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. एका खोलीत सतरंजी, ठोकळे आणि एक लाकडी घोडा. मूल आपल्या आईजवळ बसून खेळायचं. त्याच खोलीत, टेबलाशी, आम्ही दोघं नवराबायको होऊन चहा पीत बसायचो आणि थोड्या वेळाने भांडण उकरून काढायचो. फक्त तोंडी. शिवी नाही, हात उचलायचा नाही, मुलाकडे बघायचंसुद्धा नाही. मूल काय करतं ते डॉक्टरबाई काचेपलीकडून बघायच्या. मग आम्ही हसून त्याला सांगायचो की बाळा, हे सगळं खोटं खोटं होतं, आणि ते म्हणेल ती शिक्षा मी भोगायची. बहुतेकांना मी घोडाच झालेला हवा असायचा. लाकडाचा समोर असताना! माझे गुडघे गेले ते त्या संशोधनात.

मुलं तरी काय काय करायची. एकाने कानात बोटं घातली आणि कोपराने ठोकळे ढकलत बसला. एक चिमुरडी उठून आमच्यासमोर नाचायलाच लागली, आम्ही हसावं म्हणून. एकीने न सांगता सगळे ठोकळे रंगारंगाने लावून ठेवले, पसारा आवरला की भांडण थांबेल असं वाटलं असणार तिला.

"माझ्याकडे येणारे आईबाप एकच गोष्ट सांगतात," डॉक्टरबाई एकदा म्हणाल्या. "मुलं लहान आहेत, त्यांना काही कळत नाही. मार काय त्यांना पडत नाही ना! त्यांना दाखवायला म्हणून हा खटाटोप."

तोफ फिस्सकन हसली. "मग आमच्या आईला आणते. तीही तेच सांगेल."

तिच्या घरचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं. बाप ओरडणारा नव्हता. ओरडणारे परवडले, म्हणायची ती, ओरडून दमतात तरी. हा हळू बोलायचा, आणि मग हात चालायचा. आई स्वयंपाकघरात, ही आणि धाकटा भाऊ शेजारच्या खोलीत अंथरुणावर. भावाच्या तोंडावर हिचा हात, आणि हिचे डोळे गच्च मिटलेले. "झोपेचं सोंग," ती म्हणायची. "माझा पहिला रोल. तोही पडद्याआडचाच."

बाप जाऊन कितीतरी वर्षं झाली. भाऊ लांब गेला तो गेलाच, फोनसुद्धा करत नाही. उरल्या दोघी. आणि तोफेला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आईने एकदा म्हणावं, की हो, तुम्ही ते सगळं बघितलंत. बास, एवढंच. पण विषय निघाला की म्हातारीचं ठरलेलं, "तुम्ही झोपलेले असायचात. उगाच नाही ते डोक्यात घेऊ नकोस." डॉक्टरबाईंकडे येणाऱ्या मुलांचं सांगितलं, तर म्हणे, "ती दुसऱ्यांची पोरं."

मला म्हातारीचा भयंकर राग यायचा. एकदा मी बोलूनही दाखवलं, तर तोफ माझ्यावरच उखडली. "पोरं झोपलीत असं मनाला सांगून तिने दिवस काढले. तेवढंही आता तिच्याकडून काढून घेऊ का?" मग बराच वेळ कापडाला टीप घालत बसली. "पण एकदा म्हणावं रे तिने," असं म्हणाली, आणि तेही इतकं हळू, की या वेळी मात्र मी ‘काय?’ विचारलं नाही.

माझं भांडण पहिल्यापासून फुसकं. मी आवाज चढवला की पोरं खुदुखुदु हसायची. शेवटी तोफेने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, ओरडू नकोस. हळू बोल. कप खाली ठेव. बोटातली अंगठी टेबलावर वाजव, सावकाश, टक, टक. आणि विचार, मी काय विचारलं? थांब. मग परत, मी काय विचारलं तुला?"

"कुठल्या नाटकातलं हे?"

"घरगुती आहे," ती म्हणाली.

मी तसं करून बघितलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. तिथून पुढे एकही मूल हसलं नाही. मला ते काम आवडेनासं झालं, पण तोफ म्हणाली, आता बरोबर जमलंय.

एका सकाळी आईजवळ बसणारी शेजारीण गावाला गेली होती, म्हणून तोफ आईला सोबतच घेऊन आली. बाहेर बाकावर शाल गुंडाळून बसवलं तिला. कान शाबूत, डोकं शाबूत, फक्त पाय दगा द्यायचे. "आतून आवाज येतील, घाबरू नकोस, आमचं काम आहे," तोफेने दोनदा बजावलं. "मी काय कुकुलं बाळ आहे का?" म्हातारी म्हणाली.

त्या दिवशी सतरंजीवर एक छोटा मुलगा होता, आईच्या मांडीला टेकून बसलेला. आम्ही सुरू केलं. मी कप खाली ठेवला. अंगठी वाजवली. "मी काय विचारलं?" तोफेने मान खाली घातली. पोराचा हात ठोकळ्यावर थांबलेला मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. "मी काय विचारलं तुला?"

दार उघडलं. म्हातारी भिंतीला धरून आत आली, हातात काठीसुद्धा नव्हती. मला वाटलं वाट चुकली. पण ती सरळ टेबलाशी आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली. एवढीशी बाई. तिने माझ्या अंगठीवर आपला पंजा दाबून धरला. एरवी मला ती अरे-तुरे करायची.

"अहो, बास करा," ती म्हणाली. "पोरगी बघतेय."

सतरंजीवर तर मुलगा होता.

तोफ खुर्चीतून उठली. "आई," ती म्हणाली, "कुठली पोरगी?"

म्हातारीने वळून तिच्याकडे बघितलं. लोक म्हणतील भ्रम झाला होता. मी तिथे होतो, तिचे डोळे अगदी स्वच्छ होते.

"तू, आणखी कोण! जागी असायचीस तू. पापण्या हलायच्या तुझ्या. मी येऊन तुझ्या अंगावर पांघरूण घालायचे ना, तेव्हा दिसायच्या मला."

पडद्याआडून तोफ शेकडो वेळा रडली असेल, सबंध थिएटर रडवलंय तिने. त्या दिवशी मात्र तिला आवाजच फुटला नाही. तोंड उघडं, नाक वाहतंय, आणि ती तशीच खाली फरशीवर बसली. डॉक्टरबाई धावत आल्या, पोराला आणि त्याच्या आईला हळूच शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. म्हातारीला वाकता येत नव्हतं, तरी टेबलाला धरून ती वाकली आणि लेकीच्या केसांतून हात फिरवायला लागली. मी खुळ्यासारखा बसून होतो.

मग म्हातारीने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही बाहेर जा," ती म्हणाली.

मी उठलो आणि बाहेर गेलो.