दुकान बंद असण्याचं कारण

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. पोलादपूरला माझ्या दुकानाशेजारचा शिंपी दुकान बंद ठेवताना पाटीवर खडूने खरं कारण लिहितो. एकदा लिहिलं, "मन आजारी हाय. महाडला डॉक्टरकडे गेलोय." माझं गिऱ्हाईक बिचकेल म्हणून मी ते चारचौघांत पुसलं आणि 'लग्नाला गेलोय' लिहिलं.

परतल्यावर तो हसला. "काका, लग्न कुणाचं? माझं तर झालंय!" पुढच्या वेळी महाडला जाताना त्याने पुन्हा तेच लिहिलं, मोठ्या अक्षरांत. काहींनी शिवायला टाकलेले कपडे परत नेले. "नेऊ दे. लपवून कुठं बरा झालो होतो?" एक बाई मात्र ब्लाउजच्या निमित्ताने येऊन डॉक्टरचा पत्ता विचारून गेली.

माफी मला त्याच पाटीवर लिहायची आहे. खडू उचलतो, रस्त्यावर कोणी बघतंय का ते पाहतो आणि ठेवून देतो.