अक्कांचा उजवा खांदा

खानदेशातल्या तमाम डॉक्टरांची विद्या एकहाती हरवील अशी एकच बाई मी पाहिली आहे, आणि ती माझ्या बायकोची सख्खी आत्या आहे. चाळीसगावजवळ राहते. अख्खं गाव तिला अक्का म्हणतं, म्हणून मीही. अक्कांना कुणालाही नाही म्हणता येत नाही. गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, महिनाभर आधी त्यांचा उजवा खांदा धरला आणि सुजून टम्म झाला. झालं! समाचाराला येणारी प्रत्येक बाई एकेक इलाज घेऊन आली आणि अक्कांनी एकीलाही दुखावलं नाही. एकीचा हळदीचा लेप, त्यावर दुसरीचं रुईचं गरम पान, त्यावर तिसरीची ओव्याची पुरचुंडी. मी गेलो तेव्हा खांद्याला चक्क फोडणीचा वास येत होता. म्हटलं, "अक्का, हे सगळं काढा आणि डॉक्टरकडे चला." तर म्हणाल्या, "आनि पाटलीनबाईना लेप? तिले वाईट वाटी ना!"

खरी भीती वेगळीच होती. आखाजीला त्यांची लेक माहेरी येते आणि त्या दिवशी खापरावरचे मांडे झालेच पाहिजेत. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायची. सगळा भार खांद्यावर. सून येऊन बारा वर्षं झाली, पण खापरापुढे बसायची तिला बंदी. "डॉक्टरनी मना हात बांधी टाका, तर मनी लेक काय हॉटेलमा जेवी का?" हे बोलताना अक्कांचे डोळे भरले, म्हणून मी हसणं गिळलं.

शेवटी जवळजवळ उचलूनच नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने खांदा तपासला आणि बर्फाने शेकायला सांगितलं. "बरफ? बाई, तू डॉक्टर शे का गोळावाली?" मुलगी हसली आणि घरात काय काम करता, असं विचारून फसली. अक्कांनी टेबलावरची चादर ओढली आणि मांडा कसा फिरवतात ते दाखवायला लागल्या. दुसऱ्याच फेरीला "आय माय वं!" करून मटकन खाली बसल्या.

"अक्का, सूज उतरेपर्यंत हे बंद. मग व्यायामाने खांदा मोकळा होईल. आत्ता हट्ट केलात तर दुखणं लांबेल," डॉक्टर म्हणाली. घरी पोचताच अक्कांनी सुनेला हाक मारली, "औंदा खापरपुढे तू बस." मी तर घाबरलोच.

आखाजीला अक्का खुर्चीत, खांद्यावर बर्फाचा नॅपकिन आणि खापरापुढे सून. पहिला मांडा फाटला, दुसरा चुलीत गेला. "हलका हात ठेव, माय, हलका!" अक्का बसल्या जागी डावा हात फिरवत होत्या. चौथा मांडा मात्र असा उतरला की लेकीने टाळ्या वाजवल्या. सुनेने त्यावर तूप सोडलं आणि ताटली अक्कांपुढे धरली.

"आधी लेकले दे."

"नही. आधी तुम्ही."

अक्कांनी डाव्या हाताने घास घेतला आणि चावता चावता थांबल्या. मला वाटलं, कळ आली. विचारलं.

"काही नही, जवाईबापू. इतला वरीस खापरपुढे बसनू, सगळास्ले वाढं. गरम मांडा आजच खादा."

मी मान खाली घातली. लग्न झाल्यापासून दर आखाजीला या बाईच्या हातचे मांडे हाणतोय. एकदाही विचारलं नव्हतं, अक्का, तुम्ही जेवलात का?