आत्याला कागद पुरला नाही

ताईने, माझ्या थोरल्या बहिणीने, सगळा जन्म लॉन्ड्रीत उभं राहून इस्त्री केली. लग्न केलं नाही. आई आणि काकू दोघी कामावर जायच्या, म्हणून मला आणि चुलतभावाला तिनेच इस्त्री करता करता वाढवलं.

म्हातारपणी काम सुटल्यावर ती जुन्या नोंदींच्या कचेरीत जाऊ लागली. खापरपणजोबा खाणीत दगड फोडायचे, एवढंच घरात ठाऊक होतं. त्यांची मुलंबाळं कोण, ते तिला हवं होतं. वह्यांची पानं हात लावला की सुटायची. कारकून म्हणायचा, "आजी, मेलेल्यांना झोपू द्या की."

"तुम्ही झोपा. मी वाचते."

सापडलं ते असं. खापरपणजोबांना एक मुलगा, एक मुलगी. मुलगा म्हणजे आमचे पणजोबा. ते आणि पणजी एकाच साथीत गेले. मागे राहिलेलं तान्हं मूल म्हणजे आमचे आजोबा. त्यांच्या शाळेच्या नोंदीत पालक म्हणून त्यांची आत्या, खापरपणजोबांची ती मुलगी. बिनलग्नाची. खाणीवर खडी फोडून तिने पोर वाढवलं.

चुलतभावाने यावरून वंशवृक्ष छापून आणला. मी सुतार, म्हणून चौकट माझ्याकडे. ताईने कागदावर बोट फिरवलं.

"आत्या कुठाय?"

"अगं, तिचा वंश पुढे गेला नाही ना. अशांना घेत बसलो तर कागद पुरत नाही."

"म्हणजे मीही नाही."

मी कागद पाहिला. खरंच नव्हती.

"तुझा शेंबूड पुसायला माझा पदर पुरला, आणि तुझा कागद पुरत नाही?"

"ताई, उगाच मनाला लावून घेतेस. पद्धतच आहे तशी."

"चुलीत घाल ती पद्धत!"

माझंही डोकं फिरलं. लाकूड कमी पडलं तर दुसरं आणतात. माणसं तासून चौकटीत बसवत नाहीत. कागदाची गुंडाळी करून मी त्याच्या हातात कोंबली.

"याला चौकट मिळणार नाही."

"आता पुन्हा छापू? लोकांना काय सांगू?"

"सांग, जिने वाढवलं तिलाच विसरलो."

तो तणतणत गेला, तो अजून फिरकलेला नाही.

चौकट मी केली, चांगली रुंद. ताईने मोठा कागद आणला, इस्त्री फिरवून सपाट केला आणि आधी आत्याला लिहिलं. मग बाकीचे. मग मी, मग ती स्वतः. चुलतभावाची जागा कोरी आहे.

"त्याला कधी लिहिणार?" मी विचारलं.

"बघू," ती म्हणाली, "कागद पुरला तर."