अंगठा ठेव आधी

"अंगठा ठेव आधी. मग काढ तो मोबाईल."

वरच्या मजल्यावरच्या काकूंचं हे वाक्य ऐकून आमचे कान किटले होते. गंगापूर रोडवरचे आम्ही काहीजण दर रविवारी त्यांच्या मागे त्र्यंबकच्या डोंगरांत जायचो. प्रत्येक थांब्यावर त्या प्लास्टिकमधला कागदी नकाशा उलगडायच्या. आपण जिथे आहोत असं वाटतं, तिथे प्रत्येकाने अंगठा ठेवायचा, मगच मोबाईलवरचा निळा ठिपका बघायचा. दोन्ही जुळलं तरच पुढे. तुम्हाला सांगते, पोटात कावळे ओरडत असताना या बाईंचा असा राग यायचा!

माझी धाकटी बहीण मीनल तर तोंडावर म्हणायची, काकूंनी आम्हाला अंगठेबहाद्दर करून सोडलंय. काकू हसायच्या, पण हेका सोडायच्या नाहीत.

एकदा उतरताना धुकं दाटलं. मोबाईलवर जवळची वाट दिसतेय म्हणत मीनल एकटीच पुढे गेली. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला: घसरले, पाय हलत नाही. सोबत लोकेशन. मग फोन बंद.

तिचा ठिपका तर हाकेच्या अंतरावर दिसत होता. मी धावत सुटले, तोच काकूंनी माझं मनगट पकडलं.

"ती माझी बहीण आहे, काकू."

"म्हणूनच. अंगठा ठेव."

त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं मला. तिच्या लोकेशनचे अक्षांश-रेखांश वाचून त्यांनी नकाशावर जागा दाखवली, मी अंगठा टेकवला. तिच्या आणि आमच्यामध्ये उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. म्हणजे सरळ कडा. मोबाईलवर तिथे नुसता हिरवा रंग होता.

काकूंनी पलीकडची घळ धरली. लांबचा वळसा. वाटेत मी रडले, त्यांना नाही नाही ते बोलले. त्या मात्र दर वळणावर ठिपका आणि कागद जुळवत, शिट्टी वाजवून कान देत राहिल्या. घळीच्या तोंडाशी त्यांनी हाक मारली.

धुक्यातून बारीक आवाज आला, "अंगठा ठेवला नाही, काकू."

तेव्हा कुठे काकू मटकन खाली बसल्या.

या हिवाळ्यात काकू गेल्या. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मीनलने, अजून किंचित लंगडतेच ती, पहिल्या थांब्यावर नकाशा पसरला. सगळे भोवती जमलो. मोबाईल कुणीच काढला नाही, अंगठाही कुणी ठेवला नाही. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो, कुणीतरी सांगेल म्हणून.