बंदरावरचा मुका फोन

अण्णा रिसीव्हर कानाला लावायचे आणि पलीकडच्याने तोंड उघडायच्या आधीच "होय होय" म्हणून मोकळे व्हायचे. मग जरा थांबून "समजलं", पुन्हा जरा थांबून "बरं, तसंच करू", आणि फोन खाली. बोट कंपनीचे मुंबईचे साहेब खूश असत. इतका आज्ञाधारक हेडक्लार्क साऱ्या किनारपट्टीवर नाही, असं ते म्हणत. आम्ही मात्र बाजारात अण्णांचं नाव 'होयहोय अण्णा' असं पाडलं होतं. तरुणपणी माणसाला कशाचंही हसू येतं.

मालवणच्या बाजारात बोटीच्या एजंटाची कचेरी होती. मुंबईची बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावाच्या होडीतून तिच्यापर्यंत जायचे-यायचे, त्या काळातली ही गोष्ट. कचेरीत एकच फोन. अण्णांच्या बायकोने हयात असताना त्याला क्रोशाचं झाकण विणून दिलं होतं. दसऱ्याला अण्णा त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवत. मी तिकिटं फाडायला बंदरावरच्या पत्र्याच्या खोलीत बसायचो. बोट कधी येणार हे कचेरीला कळायचं, आणि आम्हाला ते कळणं कचेरीच्या शिपायाच्या पायांवर अवलंबून. शिपायाला वाटेत चहाचं दुकान होतं.

एकदा घोटाळा झाला. बोट उशिरा येणार असा निरोप फोनवर आला, अण्णा नेहमीप्रमाणे "होय होय" म्हणाले आणि आम्हाला काहीच कळवलं नाही. आम्ही माणसं पडावात भरली. बायका, पोरं, फणस, कोंबड्या, सगळं उन्हात दर्यावर डुलत राहिलं. पडाव चालवणाऱ्या तांडेलाने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. संध्याकाळी अण्णा स्वतः बंदरावर आले, लोकांना शहाळी दिली, आणि कुणाच्याही तोंडाकडे न बघता परत गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला: बंदरावर फोन हवा.

नवा फोन कोण देणार? अण्णांनी मुंबईला लिहून लिहून साहेबांचं डोकं उठवलं. कचेरीतल्याच फोनची तार लांबवून बंदरावर न्यायची, म्हणजे घंटी दोन्हीकडे वाजेल आणि बंदरावरच्या माणसांना जागेवरून न हलता कचेरीचा फोन ऐकता येईल. शेवटी परवानगी आली. कणकवलीहून लाईनमन आला. माडांमधून खांब उभे राहिले, एका माडाच्या मालकाने झावळं तोडली म्हणून भांडण काढलं, आणि अण्णा छत्री घेऊन प्रत्येक खांबाखाली लग्नघरातल्या यजमानासारखे उभे राहिले.

फोन लागला तो दिवस मी विसरणार नाही. आम्ही पेढे मागवले होते. लाईनमन पेटी बंद करायला निघाला, तेव्हा अण्णा म्हणाले, "थांब. हेचां बोलूचां बंद कर. नुसतो कान ठेव."

लाईनमन बघतच राहिला. "अण्णानू, मगे फोन कित्याक?"

"हयसून बोलाक लागले तर मुंबयचो साहेब खुळो जायत. ह्येंनी नुसतां आयकाचां."

आमचे चेहरे पडले. फोन आला पण मुका आला. अण्णांनी नियम घालून दिला: घंटी वाजली की बंदरावरच्याने उचलायचं, शेवटपर्यंत ऐकायचं आणि लक्षात ठेवायचं. फोन झाला की थोड्या वेळाने अण्णा छत्री टेकत टेकत बंदरावर यायचे, माझ्यासमोरच्या बाकावर बसायचे आणि शाळामास्तरासारखे विचारायचे, "काय रे परबा, साहेब काय म्हणत होते? बघूया, बरोबर आयकलंस काय." मी घडाघडा सांगायचो. अण्णा माझ्या तोंडाकडे एकटक बघत. शेवटी मान डोलवायचे. "बरोबर. पास झालंस."

मला या परीक्षेचा भारी राग यायचा. मॅट्रिक झालो होतो, मिसरूड फुटून वर्षं झाली होती, आणि हा म्हातारा रोज माझी उजळणी घेतो! घरी जाऊन आईकडे कुरकुरायचो. आई म्हणायची, "मोठ्या माणसाक काय तरी कारण असतला." कारण मला बोटीच्या भोंग्याने सांगितलं. अण्णा समुद्राकडे पाठ करून बाकावर बसले होते. भोंगा असा झाला की खोलीचा पत्रा थरथरला, कावळे उडाले, आणि अण्णा शांतपणे तपकीर ओढत राहिले. माझी नजर पलीकडे गेली म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "इली वाटता."

तेव्हा सगळं लख्ख कळलं. समोरचा माणूस दिसत असला की अण्णा त्याच्या ओठांवरून निभावून नेत. फोनला ओठ नसतात. बहिरा हेडक्लार्क कंपनी एक दिवस ठेवणार नाही, म्हणून त्यांनी माडांमधून तार ओढून माझा कान मागून घेतला होता. त्या दिवसापासून मी परीक्षेला कुरकुर केली नाही. उलट सांगताना तोंड मोठं उघडून सावकाश सांगू लागलो. पुढे लक्षात आलं की कचेरीतले दोघे कारकून आणि तो चहाबाज शिपाईसुद्धा अण्णांशी तसंच बोलत होते, आणि फोनची घंटी वाजली की त्यांना खूण करत होते. कुणी कुणाला एका शब्दाने बोललं नव्हतं.

अण्णांना एकच मुलगा, वासू. अण्णांनी त्याला मुंबईत एका पेढीवर चिकटवून दिलं होतं, पण पोराचं मन जहाजावर. अण्णांचा धाकटा भाऊ खलाशी होऊन गेला तो परत आलाच नव्हता, त्यामुळे त्या घरात दर्याचं नाव काढायची सोय नव्हती. वासू मे महिन्यात आला की बापलेकांची जुंपायची. "अण्णा, एकदा माझां सगळां आयकान तरी घेवा," वासू म्हणायचा. अण्णा लगेच तोंड फिरवायचे. "ह्या विषयार माका काय एक आयकाचां नाय." तोंड फिरवलं की अण्णांना खरोखरच काही ऐकू यायचं नाही, हे पोराला कुठे ठाऊक? तो बापाला हट्टी समजून पाय आपटत मुंबईला जायचा.

एका दुपारी, बोट गेल्यावर बंदर सुस्तावलं होतं. घंटी वाजली. मी उचललं. अण्णांचं "होय होय" आधीच होऊन गेलं होतं.

"अण्णा, मी वासू. गोदीतसून बोलतंय."

मी सरसावून बसलो. वासू भरभर बोलत होता. त्याला जहाजावर काम मिळालं होतं, जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होतं. "माका ठाव आसा, तुमका पसंत नाय. काकाचां झाला तां मी इसारलंय नाय. पण पेढीर माझो जीव रमणा नाय, अण्णा. तुमी नाय म्हणालात तर मी जावचंय नाय, देवाशपथ. तुमीच सांगा. जांव?"

"समजलं," अण्णा कचेरीतल्या मराठीत म्हणाले.

मी ओरडलो. त्या मुक्या पेटीत तोंड घालून जिवाच्या आकांताने ओरडलो, "अण्णा, वासू आसा! वासू, थांब!" बाहेर जाळी विणत बसलेले लोक धावत आले. पण माझा आवाज त्या खोलीच्या बाहेर जाऊन वाळूत पडत होता, तारेत शिरत नव्हता.

"खरांच जांव, अण्णा?"

"बरं, तसंच करू."

मग वासू हसत होता की रडत होता देव जाणे. "अण्णांनी होय म्हटल्यानी!" असं तो तिथेच कुणाला तरी सांगत असताना फोन तुटला.

मी बाजारापर्यंत पळत गेलो. अण्णा फोनवर क्रोशाचं झाकण नीट बसवत होते. मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "बंदर टाकून कित्याक इलंस? बरां, काय म्हणत होते साहेब? बघूया, बरोबर आयकलंस काय."

"साहेब न्हय, अण्णा. वासू होतो."

मी सावकाश, तोंड मोठं उघडून सगळं सांगितलं. असं काही सांगायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. अण्णा माझ्या ओठांकडे बघत होते. शेवटपर्यंत बघत राहिले. मग उठले आणि कोटसुद्धा न घालता पोस्टात निघाले. मी मागोमाग. तारेच्या फॉर्मवर त्यांनी पत्ता लिहिला, वासूच्या खोलीचा. तार रात्रीपर्यंत पोचली असती. लेखणी मजकुरावर येऊन थांबली.

"होय म्हटल्यार तो काय म्हणालो?"

"हसलो, अण्णा. लय खूश झालो. थंयच कोणाक तरी सांगत होतो, अण्णांनी होय म्हटल्यानी."

"हसलो?"

"होय."

अण्णांनी लेखणी दौतीत ठेवली. "आता बापाशीन काय लिवचां? माका आयकाक इला नाय, म्हणान होय म्हटलंय?" आपल्या कानांविषयी ते उभ्या जन्मात एवढंच बोलले. मग मला म्हणाले, "तेका कधी सांगा नको. माझी शपथ." आणि पोस्टाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, खाली बसले. मी त्यांच्याशेजारी बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर बोटीच्या दिवशी अण्णा समुद्राकडे पाठ करून बसेनासे झाले. वासूची परदेशी तिकिटांची पाकिटं यायची, ती ते मला आणून दाखवत. पावसाळ्यानंतर कंपनीच्या कानावर काय ते गेलंच आणि अण्णा घरी बसले. वासू पहिल्या रजेवर आला, तेव्हा अण्णा जाऊन दोन महिने झाले होते. बातमी त्याला कुठल्या तरी बंदरात मिळाली होती.

परत जाताना तो पडावाची वाट बघत माझ्यासमोर, अण्णांच्या बाकावर बसला. उन्हाने काळा पडला होता, खांद्याने रुंद झाला होता. भिंतीवरच्या फोनकडे त्याची नजर गेली. मग म्हणाला, "परबानू, अण्णांनी जन्मात माझां म्हणणां एकदाच पुरां आयकान घेतल्यानी. तां फोनार. तेच्यारच मी जगतंय."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला काहीतरी म्हणणं भागच होतं.

"होय होय," मी म्हटलं.