मालकाले विचारलं काय?

मनोहररावांनी पेरूच्या झाडाला कुलूप लावलं होतं. थट्टा करत नाही, खरंच लावलं होतं. बुढापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरामागे जेमतेम माणसाच्या उंचीचं ते झाड होतं. त्याला चारी बाजूंनी जाळीचा पिंजरा आणि पिंजऱ्याच्या दाराला गोल बाजारातून पारखून आणलेलं पितळी कुलूप. पेरू पिकायला लागले की ते स्वतः आत शिरायचे, एकेक फळ चाचपायचे आणि ‘अजून दोन दिवस’ म्हणत रिकाम्या हातांनी बाहेर यायचे. तोवर पेरू गळून पडायचे. मग त्यातले किडके वेचून आमच्या घरी पाठवायचे, वर सांगायचे, ‘घरचे आहेत.’

हे माझे साडू. माझ्या बायकोची थोरली बहीण सुमनताई ही त्यांची बायको. एवढ्या हसऱ्या बाईला हा माणूस कसा काय मिळाला, हे कोडं आमच्या सासुरवाडीत कुणालाच सुटलं नाही. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लोकांच्या पेट्या-बोचक्यांची राखण करून ते निवृत्त झाले, पण राखणीची हौस काही फिटली नाही. चाव्यांचा जुडगा कमरेच्या करदोड्याला बांधलेला असायचा. तो वाजला की ताई हातातला साखरेचा डबा खाली ठेवायच्या. कुणी कशालाही हात लावला की मनोहररावांचं एकच ठरलेलं वाक्य होतं, “मालकाले विचारलं काय?” एकदा मी त्यांच्या पेपरची पुरवणी उचलली, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मी पुरवणी ठेवून दिली. तसंही तिच्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

निवृत्तीनंतर त्यांनी शहराबाहेरच्या एका लहानशा गावात धानाचं शेत घेतलं. शेतीचा त्यांना गंधही नव्हता. त्यांना हवी होती ती हाक. इकडे गावातल्या मोठ्या जमीनदाराला ‘दाऊ’ म्हणतात. दाऊ दिसला की लोक सायकलवरून उतरतात. मनोहररावांना दाऊ व्हायचं होतं. गावातल्या खऱ्या दाऊंच्या शेतांना टोक दिसत नाही. यांचं शेत इतकं लहान की बांधावर उभं राहून हाक मारली तर पलीकडच्या शेतातला माणूस ओ द्यायचा. पण तिथे त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं, ओट्यावर खुर्ची टाकली आणि शेत कसणाऱ्या बिसाहूला शिकवलं, “मले दाऊजी म्हणायचं.” बिसाहू मान डोलावून “हव साहेब” म्हणाला. शेवटपर्यंत तो त्यांना साहेबच म्हणत राहिला.

त्या शेताच्या बांधावरून गावाची तलावाकडे जायची वाट होती. तलाव गावाचा. सकाळची अंघोळ, गुरं धुणं, सगळं तिथेच, आणि त्याच्याच काठावर मसणवट. शेत विकणाऱ्या म्हाताऱ्याने व्यवहाराच्या वेळी यांना माझ्यासमोर सांगितलं होतं की शेत तुमचं, पण वाट राहीलच. यांनी “हव, हव” केलं. जमीन नावावर चढली आणि त्याच आठवड्यात शेताभोवती काटेरी तार आली. वाटेच्या दोन्ही तोंडांना लोखंडी फाटकं आली, फाटकांना कुलपं आली. बायका डोक्यावर धुण्याची बोचकी घेऊन सडकेने लांबचा वळसा घालू लागल्या. मनोहरराव खुर्चीत बसून ते बघायचे आणि खूश व्हायचे. माणूस इतक्या थोड्यात इतका खूश होऊ शकतो, याची मला किळस यायची.

दिवाळीनंतर आम्ही सगळे तिकडे गेलो होतो. ताईंनी वांग्याची भाजी आणि भाकऱ्या केल्या होत्या. आम्ही अंगणात जेवत असताना फाटकाशी माणसं येऊन थांबली. गावातल्या फुलबासन नावाच्या म्हातारीचा नवरा वारला होता, त्याचा दहावा होता. इकडे दहाव्याला सगळं गाव एकामागे एक रांगेने तलावावर अंघोळीला जातं आणि तसंच परत येतं. त्याला ‘नहावन’ म्हणतात. ती रांग पिढ्यान्‌पिढ्या याच बांधावरून गेली होती. रांगेत पुढे गावचा कोतवाल होता, त्याच्यामागे ती म्हातारी. कोतवाल हात जोडून म्हणाला, “साहेब, एक घाव खोल देतेव. नहावन ए.” एकदाच उघडा, एवढंच त्याचं मागणं होतं.

मनोहरराव हात न धुताच उठले. “मालकाले विचारलं काय?”

“पूछतेच तो हन, साहेब.”

विचारतोच आहोत, असं तो बिचारा सरळपणे म्हणाला. यांनी मान हलवली. “आज उघडलं तं उद्या वहिवाट होते. मंग तुम्ही कोर्टात जासान. एक डाव उघडलं का तो रस्ताच झाला. मी काय खुळा हाय?”

मी म्हणालो, “मनोहरराव, चावी द्या. मी उघडतो.” त्यांनी करदोड्यावर मूठ घट्ट आवळली. ताई म्हणाल्या, “अहो, मरणाचं काम आहे, काहून असं करून राहिले?” त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. कोतवाल मागे वळला, “चलव, घूम के जाबो,” म्हणाला, आणि ती लांबलचक रांग सडकेला लागली. मनोहरराव परत पानावर येऊन बसले आणि त्यांनी भाजी वाढून घेतली. त्या दिवशी मला ते माणूसच वाटले नाहीत.

गावाने भांडण केलं नाही. मग पौषातल्या पौर्णिमेला छेरछेरा आला. धान घरात आलेलं असतं, म्हणून त्या दिवशी जो दारात येईल त्याला सुपातून धान द्यायचं, आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांनी एकमेकांच्या दारात मागायला जायचं. दाऊच्या दारात सगळ्यांत जास्त गर्दी. मनोहररावांनी त्या दिवशी दोन्ही फाटकं सताड उघडली. नवा फेटा बांधला. पुढ्यात धानाची रास आणि सूप ठेवून खुर्चीत बसले. मला फोटो काढायला मुद्दाम बोलावलं होतं. घराघरांतून “छेरछेरा” ऐकू येत होतं. टोळ्या यांच्या तारेपर्यंत यायच्या आणि उघड्या फाटकासमोरून सडकेने वळसा घालून पुढे जायच्या. दुपार झाली, फेटा ढिला झाला.

“काहून नाही येत कोणी?” ते बिसाहूवर खेकसले. “माह्या धानाले का किडे पडले?”

बिसाहू म्हणाला, “मालिक ल कोन पूछतिस, साहेब?”

मालकाला विचारायचं कुणी, असं तो म्हणत होता. दया यावी असं मनोहररावांचं तोंड झालं होतं, पण मला आली नाही. संध्याकाळी त्यांनी धान परत कोठीत भरलं आणि कोठीला कुलूप लावलं.

चैत्रात ते त्याच घरात, त्याच खुर्चीत गेले. हृदय बंद पडलं. मला दाऊसारखं इथल्याच तलावावर न्या, असं त्यांनी ताईंना बजावून ठेवलं होतं. निरोप जाताच गाव आलं. प्रत्येक घरातून एकेक लाकूड आलं, कारण इथे कुणाच्याही मरणाला ते येतंच. फुलबासनही लाकूड घेऊन आली. ते पाहून मला ढसाढसा रडू आलं, मनोहररावांसाठी मात्र नव्हे.

तिरडी उचलली. मागच्या फाटकातून तलाव हाकेच्या अंतरावर. ताईंनी करदोड्याचा जुडगा सोडून कोतवालापुढे धरला. तो दोन पावलं मागे सरला.

“नइ दाई. साहेब खुदे कहे रिहिस, एक घाव खुलही त रद्दा हो जाही. हमन घूम के ले जाबो.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एकदा उघडलं की रस्ता होतो, हा साहेबांचाच शब्द होता आणि तो गाव पाळत होतं. आम्ही त्यांना त्यांच्याच तारेला वळसा घालून सडकेने नेलं. ऊन मी म्हणत होतं, गृहस्थ वजनाला चांगले होते आणि डांबर चपलांना चिकटत होतं. मी खांदा देत होतो आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होतो.

दहाव्याला गाव पुन्हा जमलं, नहावनासाठी. सगळे सवयीने सडकेकडे वळले. ताई वळल्या नाहीत. त्या बांधावरून थेट मागच्या फाटकाशी गेल्या. जुडग्यातली चावी त्यांना ओळखू येईना. एकेक लावून पाहत त्यांनी कुलूप काढलं आणि फाटक ढकललं. रांग त्यांच्यामागे येऊन थांबली, पण कुणीच पाऊल पुढे टाकेना. फुलबासन सगळ्यांत पुढे होती. तिने अगदी हळू विचारलं, “मालिक ल पूछे हव का, दाई?”

“ज्याले विचाराचं तो गेला,” ताई म्हणाल्या. “चाल बाई.”

म्हातारीने पाऊल टाकलं. तिच्यामागे कोतवाल, बिसाहू, मग एकामागे एक सगळं गाव बांधावरून तलावाकडे निघालं. मी सर्वांत शेवटी होतो. फाटक लावतो म्हणून मी जरा थांबलो, तेव्हा ताईंनी पुढून वळून सांगितलं, “राहू द्या, लावू नका.”